निकाल लागला, पुढे काय? कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची वाट

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तरीही या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. अभिनव सेखरी आणि अपार गुप्ता या वकिलांनी २०१८ मध्ये शोधनिबंधातून हे दाखवून दिले. पुढे प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये निकालाची प्रत राज्यांना पाठवण्याचे आदेश झाले.

असा विषय विधी शाखेचा विद्यार्थीही हाताळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ‘ई-एससीआर’वर, तर खटल्यांची स्थिती ‘ई-कोर्ट्स’वर मोफत पाहता येते. पोलिसांकडील आकडेवारीसाठी १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न मात्र नेमका हवा: निकालाची अंमलबजावणी झाली का?