451 चा डोंगर, 40,000 चं पठार

डिसेंबर 2011 मध्ये जालन्याच्या एका सतरा वर्षांच्या पोरानं 467 चेंडू खेळून 451 धावा काढल्या आणि तरीही तो बाद झाला नाही. विजय झोल त्याचं नाव. 19 वर्षांखालच्या मुलांच्या कूचबिहार करंडकातला हा सामना, महाराष्ट्र विरुद्ध आसाम. पुढे झोल 19 वर्षांखालच्या भारतीय संघाचा कर्णधार झाला, जानेवारी 2014 मध्ये आशिया करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध त्यानं शतकही ठोकलं. पण जिल्ह्यात त्याचं नाव निघालं की आधी 451 हाच आकडा तोंडावर येतो.

या आकड्याचं वजन जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत बसून करून बघू. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात टेनिस बॉलचे सामने होतात, त्यातला डाव समजा 8 षटकांचा. म्हणजे 48 चेंडू. झोलनं एकट्यानं खेळलेले 467 चेंडू म्हणजे असे जवळजवळ पावणेदहा डाव, आणि त्यातला एकही चेंडू दुसऱ्या कुणाच्या वाट्याला नाही. सकाळपासून अंधार पडेपर्यंत स्पर्धा चालवली तरी गावाचं मैदान दिवसभरात पाहील तेवढे चेंडू या पोरानं एका डावात खेळून काढले.

महाराष्ट्राला असे डोंगर नवे नाहीत. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात रणजी सामन्यात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद 443 वर पोहोचले होते. महाराष्ट्राच्या धावा 4 बाद 826. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला तेव्हाचा विश्वविक्रम डॉन ब्रॅडमनचा, नाबाद 452. बरोबरीला अवघ्या 9 धावा हव्या होत्या. मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायला नकार दिला आणि संघ घेऊन ते निघून गेले. त्या 9 धावा राहिल्या त्या राहिल्याच. प्रथम श्रेणीत भारतीय फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या आजही तीच आहे आणि भाऊसाहेबांना अधिकृत कसोटी एकदाही खेळायला मिळाली नाही. मला हा भारतीय क्रिकेटमधला मोठा अन्याय वाटतो. त्यांच्या प्रथम श्रेणीतल्या सगळ्या धावा 4,841. म्हणजे अख्ख्या कारकिर्दीचा अकरावा हिस्सा त्या एका डावात होता. झोलचा सामना प्रथम श्रेणीचा नव्हता, त्यामुळे तुलना बरोबरीची नाही, पण आकडे ओळीनं मांडले की अंगावर काटा येतो: 443, 451, 452.

असा डोंगर लांबून दिसतो आणि लोकांच्या लक्षातही तोच राहतो. पण खेळाडूच्या कारकिर्दीचे जे टप्पे असतात, 10 हजार, 20 हजार, 40 हजार, ते डोंगर चढून येत नाहीत. ते पठारावर चालून येतात. या चालण्याचा खरा आवाका क्रिकेटपेक्षा बास्केटबॉलमध्ये जास्त स्वच्छ दिसतो, कारण तिथे हिशोब साधा आहे: चेंडू कडीतून गेला की गुण. टेंभुर्णीसारख्या गावात हा खेळ बहुतेकांना मोबाइलच्या पडद्यावरच भेटतो, म्हणून त्याची मापंही सांगून टाकतो. कडी जमिनीपासून 3.05 मीटर उंच, तिचा व्यास 45 सेंटिमीटर आणि चेंडूचा साधारण 24. लांबून टाकला तर 3 गुण, जवळून 2, फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या नेमाचा, म्हणजे फ्री थ्रोचा, 1.

या खेळातला 451 म्हणजे विल्ट चेंबरलेनचे 100 गुण. 2 मार्च 1962, अमेरिकेतलं हर्शी हे छोटं गाव, प्रेक्षक 4,124. चेंबरलेनच्या फिलाडेल्फिया वॉरियर्सनी न्यूयॉर्क निक्सला 169-147 असं हरवलं, त्यातले 100 गुण एकट्या चेंबरलेनचे. त्या सामन्याचं चित्रीकरणही शिल्लक नाही. मला त्यातला सर्वांत आश्चर्याचा भाग फ्री थ्रोचा वाटतो. हा सात फुटांहून उंच माणूस फ्री थ्रोमध्ये आयुष्यभर कच्चा राहिला. कारकिर्दीत त्याचे निम्मेच नेम लागले. त्या हंगामात तो दोन्ही हातांनी खालून, गुडघ्यांपासून चेंडू उचलून टाकायचा. त्या रात्री 32 पैकी 28 आत गेले. पुढे त्यानं ती पद्धत सोडली, कारण ती बायकी दिसते असं त्याला वाटायचं, आणि नेम पुन्हा बिघडला.

त्या हंगामात चेंबरलेननं 80 सामन्यांत 4,029 गुण केले, सामन्यामागे 50.4. आणखी एक आकडा दोनदा वाचावा लागतो: तो सामन्यामागे सरासरी 48.5 मिनिटं मैदानात होता. सामना असतो 48 मिनिटांचा. बरोबरी सुटेना म्हणून वाढवलेली मिनिटं धरून ही सरासरी निघते. म्हणजे अख्खा हंगाम तो जवळजवळ बसलाच नाही.

आता गुणाकार करा. वर्षाला 4,029 म्हणजे दहा वर्षांत 40 हजारांच्या पुढे. पण तसं घडलं नाही. पुढच्याच हंगामात चेंबरलेन 3,586 वर आला, आणि हंगामात 3,000 ओलांडणारा दुसरा खेळाडू आजवर एकच झाला, मायकल जॉर्डन, 1986-87 मध्ये 3,041. चेंबरलेन निवृत्त झाला तेव्हा त्याची बेरीज होती 31,419. इतक्या अचाट माणसालाही 40 हजार लांबच राहिले.

मग तिथपर्यंत कोण पोहोचलं? लेब्रॉन जेम्स. आणि तारीख होती 2 मार्च 2024, चेंबरलेनच्या शंभरीला बरोबर 62 वर्षं झाली तो दिवस. बाद फेरीचे गुण वेगळे मोजले जातात. हे 40 हजार फक्त नियमित हंगामातले.

हा आकडा टेंभुर्णीच्या मापानं असा. हंगामात 82 सामने असतात. एखादा खेळाडू प्रत्येक सामन्यात 20 गुण करत गेला, आणि 20 हा उत्तम खेळाडूचा आकडा आहे, तर वर्षाचे 1,640 होतात. 40 हजारांना लागतात 24 वर्षं आणि वर चार-पाच महिने. आज गावात जन्मलेलं बाळ अंगणवाडीत जाईल, दहावी होईल, पदवी घेईल, नोकरीच्या अर्जांना लागेल, तोवर या माणसानं एकही सामना न चुकवता रोजचे 20 करत राहायचं.

लेब्रॉन 18 वर्षांचा असताना, 29 ऑक्टोबर 2003 ला पहिला सामना खेळला आणि 25 गुण केले. एका सामन्यातली त्याची सर्वोच्च कामगिरी 61. चेंबरलेनचे 100 सोडा, कोबी ब्रायंटचे 81 सोडा, 61 हून जास्त गुण केलेले खेळाडू बरेच आहेत. लेब्रॉनआधी ज्याच्या नावावर एकूण गुणांचा विक्रम होता त्या करीम अब्दुल-जब्बारची एका सामन्यातली सर्वोच्च कामगिरी तर 55. सचिन तेंडुलकरचंही तसंच. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये 34,357 धावा, पण कसोटीतली सर्वोच्च खेळी नाबाद 248. त्रिशतक एकही नाही. सेहवागची दोन आहेत. करुण नायरचं एक आहे, नाबाद 303, आणि त्याच्या पहिल्या 6 कसोटींतल्या सगळ्या धावा मिळून 374. ज्यांच्या नावावर सर्वांत मोठी बेरीज आहे त्यांच्या नावावर सर्वांत मोठा डाव नाही. आकडे मांडत गेलो तेव्हा या गोष्टीनं मला सर्वांत जास्त थक्क केलं.

सचिनची बेरीज गावच्या हिशोबात बसवू. कुणी दर रविवारी सामना खेळला आणि दर वेळी 40 धावा केल्या, तर 34,357 ला साडेसोळा वर्षं लागतात. पेरणीचा रविवार नाही चुकवायचा, कापूस वेचणीचा नाही, लगीनसराईतला नाही, भर पावसातला नाही. आणि शून्यावर बाद व्हायचं नाही. सचिनला हे 664 सामन्यांत आणि 24 वर्षांत जमलं, समोर गल्लीतला गोलंदाज नव्हता तर वसीम अक्रम होता, मॅकग्रा होता, स्टेन होता. मध्ये 2005 साली कोपरावर शस्त्रक्रिया झाली.

त्या धावांतल्या पळालेल्या किती? चौकार कसोटीत 2,058 आणि एकदिवसीय सामन्यांत 2,016, षटकार 69 आणि 195. शिवाय त्याच्या एकुलत्या आंतरराष्ट्रीय टी-20 मधले 2 चौकार. हे सगळे वजा केले की साधारण साडेसोळा हजार धावा उरतात, त्या पायांनी काढलेल्या. या क्रीझपासून त्या क्रीझपर्यंत 17.68 मीटर. गुणाकार येतो सुमारे 290 किलोमीटर. मुंबईहून निघालं तर नाशिक मागे पडतं, येवला मागे पडतं आणि वैजापूरला मराठवाड्यात पाऊल पडतं. जोडीदाराच्या धावांसाठी तो जितका पळाला ते अंतरही तेवढंच धरलं, तर तो टेंभुर्णी ओलांडून विदर्भात शिरतो. पॅड बांधून, हातात जड बॅट घेऊन, दर 17 मीटरला थांबत आणि वळत.

बेरजेपेक्षा या माणसांचा खंड न पडणं मला जास्त मोठं वाटतं आणि त्याचाही एक आकडा आहे. 6 जानेवारी 2007 पासून लेब्रॉननं नियमित हंगामात जो जो सामना खेळला त्यात किमान 10 गुण केलेच. ओळीनं 1,297 सामने. जॉर्डनची साखळी 866 वर थांबली होती, करीमची 787 वर. 1,297 सामन्यांत एकदाही ताप, भांडण, बिनझोपेची रात्र किंवा हुकलेला नेम यांनी त्याला 10 च्या खाली आणलं नाही.

ती साखळी तुटली 4 डिसेंबर 2025 ला टोरांटोत. लेब्रॉन 41 पूर्ण करण्याच्या उंबरठ्यावर, 23 वा हंगाम, जो त्याच्याआधी कुणीच खेळला नव्हता. त्या रात्री त्यानं 17 फेकी केल्या, 4 आत गेल्या. गुण 8. धावफलक 120-120, शेवटचे काही सेकंद, चेंडू त्याच्याच हातात. एक बास्केट झाली असती तर सामनाही जिंकला असता आणि साखळीही 1,298 झाली असती. बचाव करणारे त्याच्याकडे ओढले गेले. त्यानं चेंडू कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या रुई हाचिमुराकडे दिला, हाचिमुरानं तिथून टाकला आणि भोंग्याबरोबर 3 गुण पडले. लेब्रॉनचे लेकर्स 123, टोरांटो 120. जवळजवळ एकोणीस वर्षांची साखळी त्यानं एका पासमध्ये सोडून दिली. 40 हजारांच्या आकड्याआधी हे मुलांना सांगावं असं मला वाटतं.

विक्रमांचं वयही थोडं बघावं. करीमनं चेंबरलेनचे 31,419 गुण मागे टाकले 5 एप्रिल 1984 ला. लेब्रॉनचा जन्म त्याच वर्षी 30 डिसेंबरचा. म्हणजे जो विक्रम तो पुढे मोडणार होता तो त्याच्या जन्माआधीच करीमच्या नावावर गेला होता. 7 फेब्रुवारी 2023 च्या रात्री करीमच्या 38,387 च्या पुढे जायला त्याला 36 गुण हवे होते; त्यानं 38 केले. करीम मैदानाच्या कडेला बसून होता, त्यानं उठून चेंडू लेब्रॉनच्या हातात दिला. मध्ये 38 वर्षं आणि 10 महिने गेले होते.

सचिनच्या कसोटीतल्या 15,921 धावांचा पाठलाग आता इंग्लंडचा जो रूट करतो आहे. त्याचं पदार्पण डिसेंबर 2012 मध्ये नागपूरला झालं, आणि समोरच्या भारतीय संघात सचिन होता. पहिल्याच डावात रूटनं 73 काढल्या. जुलै 2025 मध्ये मँचेस्टरला तो पॉन्टिंगच्या 13,378 च्या पुढे जाऊन दुसऱ्या क्रमांकावर आला, तेव्हा त्याला 34 वर्षं झाली होती आणि सचिनपर्यंत पोहोचायला अजून अडीच हजार धावा बाकी होत्या. वर्षाला हजार, म्हणजे तिथून अडीच वर्षं.