एकच साचा, निराळी आखणी : सिंफनीचे ध्वनिमुद्रण कसे निवडावे?

पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातल्या गणेशमूर्ती ओळीने मांडलेल्या असतात. डोळ्यांची आखणी झाली की मात्र प्रत्येकीचा भाव वेगळा होतो. जाणते गिऱ्हाईक आखणी पाहून मूर्ती ठरवते. सिंफनीचे ध्वनिमुद्रण निवडतानाही हाच न्याय लावावा.

भीमसेन जोशींचा पूरिया धनाश्री ऐकताना आपण तो कोणत्या मैफलीतला, हे विचारतो. 'बीथोवनची पाचवी' मात्र कोणतीही चालते. स्वर न् स्वर लिहिलेला असताना फरक कसला, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात १८०८ साली व्हिएन्नात प्रथम सादर झालेल्या या रचनेच्या आरंभीच, तीन तोकड्या स्वरांनंतरच्या चौथ्या स्वरावर थांबण्याची खूण आहे. किती थांबायचे, ते संचालकाने ठरवायचे. पहिल्या भागाची लय बीथोवनने १८१७ साली आकड्यात जाहीर केली. ती इतकी द्रुत आहे, की पुढच्या अनेक संचालकांनी ती मानली नाही.

आर्थर निकिश यांचे १९१३चे बर्लिनमधील मुद्रण मायक्रोफोनपूर्व काळातले, भोंग्यासमोरचे. ते इतिहास म्हणून ऐकावे. फुर्टवेंग्लर यांचे मे १९४७चे मुद्रण महायुद्धानंतर ते बर्लिन फिलहार्मोनिकपुढे पुन्हा उभे राहिले तेव्हाचे : लय संथ, मध्येच ताणलेली, ध्वनी जुनाट, पण ताण विलक्षण. कार्लोस क्लायबर यांचे व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह १९७४चे मुद्रण नेटके आणि वेगवान आहे. जॉन एलियट गार्डिनर यांनी १९९०च्या दशकात बीथोवनकालीन धाटणीच्या वाद्यांवर, त्याच्या आकड्यांच्या जवळ जाणारी लय धरली.

नवख्याने क्लायबरपासून सुरुवात करावी, मग त्याच दिवशी फुर्टवेंग्लर यांचा पहिला भाग ऐकावा. दोन्ही ऐकल्यावर 'सर्वोत्तम कोणते?' हा प्रश्न मागे पडतो आणि आपल्याला काय हवे, ते कळू लागते.

पेणहून रोह्याला गाडीने जाताना ही सुमारे अर्ध्या तासाची रचना सहज ऐकून होते. पण तिसऱ्या भागाच्या शेवटी टिंपनीचे अगदी दबके ठोके सुरू होतात आणि त्यांतूनच, न थांबता, चौथा भाग उसळतो. ते ठोके रुळांच्या खडखडाटात हरवतात. म्हणून निवड घरी, रात्री करावी. ते ठोके ज्या मुद्रणात आपल्याला श्वास रोखायला लावतील, ते आपले.