टाळूची शस्त्रक्रिया, बाळाचे वय आणि श्वास

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश परिसरातून दसऱ्यानंतर अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. अशा घरी दुभंगलेल्या टाळूचे बाळ जन्मास आले, तर शस्त्रक्रिया केव्हा करावी या प्रश्नाला हंगामाचेही बंधन येते. म्हणूनच वय आणि श्वास यांचा संबंध पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

दुभंगलेल्या टाळूमुळे नाक व तोंड यांच्यामध्ये मोकळी वाट राहते. शस्त्रक्रियेने ती बंद होते व बाळाला श्वासाची नवी सवय करावी लागते. त्यातच भुलीचा अंमल, जिभेची सूज आणि घशात साचणारा रक्तमिश्रित स्राव यांमुळे श्वासमार्ग अडू शकतो. यास्तव पहिले २४ ते ४८ तास रुग्णालयातील देखरेख अनिवार्य होय.

ही शस्त्रक्रिया बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी ८.९ टक्के, तर बाराव्या महिन्यात झालेल्यांपैकी १५ टक्के मुलांत पाचव्या वर्षी टाळूचे कार्य अपुरे आढळले. वाचेसाठी लवकर शस्त्रक्रिया हितकारक खरी. परंतु तान्ह्या बाळाचा श्वासमार्ग अरुंद असल्याने त्यासाठी अनुभवी भूलतज्ज्ञ व सुसज्ज रुग्णालय हवे. खालचा जबडा लहान असून जीभ मागे पडत असेल, तर धोका अधिक असतो. अशा वेळी डॉक्टर थांबण्याचा सल्ला देतात.

वाचा सुधारण्यासाठी काही मुलांवर चार-पाच वर्षांनंतर घशाची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. तीनंतर घोरणे वा झोपेत श्वास थांबणे संभवते. म्हणून टॉन्सिल्सची तपासणी आधीच करावी. मोठ्या वयातही टाळू शिवता येते. तेव्हा श्वासमार्ग रुंद असतो. मात्र बोलण्याच्या जडलेल्या सवयी सहजी सुटत नाहीत.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व या व्यंगावरील उपचार विनामूल्य होतात. अंगणवाडी सेविका अथवा आशाताईंकडे चौकशी करावी.

बाळाला सर्दी-ताप असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. शस्त्रक्रियेनंतर लगेच फडावर निघू नये. कोपीतील चुलीचा धूर बाळाला बाधतो. छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे किंवा झोपेत श्वास खंडित होणे ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हंगाम दरवर्षी येतो. बाळाचा श्वास मात्र वाट पाहत नाही.