फिरंग्यांची भाषा, नव्या तहानंतर

पनवेलहून कोंकणांत उतरणारी मोठी सडक गोव्यास जाते. येथील हिरवे गुरुजी १५ ऑगस्ट १९५५ रोजीं गोव्याच्या सत्याग्रहांत, तेरेखोलास, हुतात्मा झाले. त्यामुळें गोव्यांत लिस्बनच्या साह्यानें पोर्तुगीज भाषेचे वर्ग चालतात, हें ऐकून येथल्या जुन्या मंडळींच्या कपाळास आठी पडते. ‘ज्यांस घालविलें त्यांचीच भाषा पुन्हां कशास?’ हा प्रश्न रास्त आहे. परंतु घालविलें कोणास व आलें कोण, याचा विचार आधीं केला पाहिजे.

संस्कृतीचें अगत्य सालाझारच्या हुकूमशाहीसहि होतें. १९५१ त वसाहतींस ‘सागरपार प्रांत’ असें गोंडस नांव मिळालें, व त्याच वर्षीं जिल्बेर्तु फ्रेयरी या ब्राझिलियन समाजशास्त्रज्ञास सरकारी निमंत्रणानें पोर्तुगालच्या मुलखांत हिंडविण्यास आरंभ झाला. गोवाहि त्यास दाखविला. पोर्तुगीज मनुष्य उष्ण देशांतील लोकांत सहज मिसळतो, हा या पंडिताचा सिद्धांत लिस्बनला फार सोयीचा होता. जगापुढें हें मिसळणें, आणि घरांत? वर्तमानपत्रांचें सोडाच, लग्नपत्रिका छापावयाची तरी ती आधीं सरकारी तपासनिसापुढें ठेवावी लागे! १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला, तें सालाझारनें कधींच मान्य केलें नाहीं. सांगलीहून गोव्यांत शिक्षक म्हणून गेलेले मोहन रानडे त्यानंतरहि लिस्बनजवळच्या तुरुंगांत खितपत पडले. ते सुटले १९६९ च्या जानेवारींत.

२५ एप्रिल १९७४ रोजीं सैन्यानेंच ती राजवट उलथून टाकली. लोकांनीं शिपायांच्या बंदुकींत तांबडीं फुलें खोवलीं. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दिल्लींत तह झाला. आपल्या बाजूनें सही यशवंतराव चव्हाणांची, त्यांच्या बाजूनें मारियु सुआरिश यांची. हे गृहस्थ स्वतः सालाझारचा तुरुंग व हद्दपारी भोगून आलेले होते. गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचें स्वामित्व या तहानें मान्य झालें. आणि त्यांतच पोर्तुगीज भाषा व संस्कृति यांचा प्रसार, तसेंच जुन्या वास्तूंचें जतन, यांसाठीं उभयतांनीं यत्न करण्याचें कलमहि पडलें. घरीं अद्याप निवडणूक व्हावयाची होती, तोंच या नव्या राज्यकर्त्यांनीं भाषेची गोष्ट काढली!

आम्हांस यांतील क्रमाचें महत्त्व वाटतें. स्वामित्व आधीं सोडलें, भाषेचें मागणें मागाहून आलें. शिवाय तें नाकारण्याची आतां मोकळीक होती, व लोकांनीं ती वापरलीहि. हुकूमशाहीनें १९६० त जुन्या गोव्यांत उभारलेला कवि कामोंइश याचा पुतळा १९८३ त तेथून हलवून वस्तुसंग्रहालयांत ठेवला गेला. वास्को द गामाच्या आगमनास १९९८ त पांचशें वर्षें झालीं, तेव्हां उत्सवाच्या कल्पनेचा गोव्यांत उघड निषेध झाला. तरी दोन्ही देशांचे संबंध तुटले नाहींत.

आमच्या मतें खरा पालट मात्र १९९१ त दिसला. गोव्यांतील लोकांनीं पोर्तुगीज पेढींत गहाण ठेवलेले दागिने मुक्तीच्या सुमारास लिस्बनास नेले होते. ते तीस वर्षांनीं परत आले. मधल्या काळांत कित्येक पाटल्यांच्या मालकिणी निवर्तल्या असतील. भाषेच्या वर्गांहून हें मोठें काम, पण त्याचा बोलबाला कमी. १९९५ त लिस्बनच्या ‘फुंदासाओ ओरिएंत’ या संस्थेनें पणजीस आपली शाखा थाटली, ती दागिने पोंचल्यानंतर, हें बरें झालें.

राहिला प्रश्न, ही भाषा मुलांनीं शिकावी काय? आम्ही शिकावी म्हणूं, पण लिस्बनच्या प्रेमाखातर नव्हे. पांडुरंग पिसुर्लेकरांनीं गोव्याच्या दफ्तरखान्यांतील पोर्तुगीज कागद उलगडले, म्हणून ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ १९६७ त मराठी वाचकास मिळाला. चिमाजीअप्पांनीं १७३९ त वसई घेतली, त्याची शत्रूच्या बाजूची हकीकत त्याच भाषेंत आहे. आणि गोव्यांतील पुष्कळ घरांचीं जुनीं खरेदीखतेंहि तींतच. तीं नातवास वाचतां येत नाहींत, म्हणून आजोबांच्या जमिनीची शीव तो वकिलास विचारतो, आणि वकील भाषांतरकारास.