सागरतळाच्या सहलीआधी काय ठरवावे?

मुळगाव, मये, शिरगाव या डिचोली तालुक्यातील गावांना समुद्रकिनारा नाही. येथील मुलांची पाण्याशी ओळख होते ती झऱ्यावर, नदीच्या डोहात किंवा देवळाच्या तळीत. तरीही मालवण, अंदमान आणि अलीकडे थेट कॅरिबियन बेटांवरच्या चित्रफितींनी सागरतळाचे आकर्षण या गावांपर्यंत पोहोचवले आहे. मित्रांचा गट जमतो, सुट्टी ठरते, गाडी ठरते आणि स्कुबा डायव्हिंग हा एका सकाळचा कार्यक्रम म्हणून यादीत जाऊन बसतो. वास्तविक नियोजनाचा क्रम उलटा असायला हवा. आधी डायव्हिंग ठरवावे आणि सहलीचे बाकीचे दिवस त्याभोवती बेतावेत.

प्रथम समजून घ्यायला हवा तो दोन प्रकारांतील फरक. पर्यटकांना मिळतो तो बहुधा अनुभवापुरता डायव्ह. त्यात थोडी तोंडओळख करून दिली जाते, प्रशिक्षक पर्यटकाला सतत धरून असतो आणि उपकरणांचा ताबाही त्याच्याकडेच असतो. ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा अभ्यासक्रम निराळा. त्याला साधारण तीन ते चार दिवस लागतात. सिद्धांत, तलावातील किंवा उथळ, शांत पाण्यातील सराव आणि समुद्रातील चार डायव्ह असे त्याचे टप्पे आहेत. तो पूर्ण करणाऱ्या प्रौढाला सोबत्यासह १८ मीटर खोलीपर्यंत उतरण्याची पात्रता मिळते. ‘पॅडी’, ‘एसएसआय’ यांसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रे मालवणात मिळवली काय किंवा अंदमानात, जगभरात ग्राह्य धरली जातात.

नदीत सराईतपणे पोहणाऱ्याला येथे एक जुनी सवय मोडावी लागते. डोहात बुडी मारताना छातीत दम भरून तो रोखला जातो. स्कुबाचा पहिला नियम नेमका उलट आहे: श्वास कधीही रोखू नये. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. त्या खोलीवर सिलिंडरमधून छातीभर घेतलेली हवा रोखून कोणी वर आला, तर ती प्रसरण पावून दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. घाबरून झपाट्याने वर येणे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. सिलिंडरमध्ये असतो तो निव्वळ प्राणवायू, हाही एक रूढ गैरसमज आहे. सामान्यतः त्यात दाबाखाली भरलेली साधी हवा असते. खोली वाढली की प्रत्येक श्वासाला अधिक हवा खर्च होते. पृष्ठभागावर तासभर पुरणारा साठा १० मीटरवर अर्धा तासच पुरतो.

दुसरा प्रश्न प्रकृतीचा. दमा, फेफरे, हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना पाण्यात उतरू नये. गरोदर महिलांनी डायव्हिंग टाळावे. सर्दीने कान-नाक बंद असताना दाब समान करता येत नाही आणि कानाच्या पडद्याला इजा होते. प्रकृतीची प्रश्नावली भरून घेणे हा सोपस्कार नव्हे. ती प्रामाणिकपणे भरावी, आणि कोणी ती न देताच थेट होडीत बसवत असेल तर तेथून परतावे.

मग स्थळ. राज्यात मुरगावच्या किनाऱ्यासमोरील ग्रँड आयलंड परिसर हे डायव्हिंगचे परिचित ठिकाण आहे. मात्र नदीमुखातून येणाऱ्या गाळामुळे तेथील पाणी अनेकदा गढूळ असते. उत्तरेला मालवण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या सागरी भागाला १९८७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कुबा प्रशिक्षण संस्था उभारली आहे. दक्षिणेला कर्नाटकातील मुर्डेश्वरसमोरचे नेत्राणी बेट आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते. ऑक्टोबर ते मे हा हंगाम असून त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक सोयीचा.

कॅरिबियनचे स्वप्न पाहणाऱ्यांनाही हंगामाचे हेच पथ्य पाळावे लागते. तेथे १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ मानला जातो. बोनेर हे बेट वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर असल्याने व किनाऱ्यावरूनच प्रवाळांपर्यंत पोहोचता येत असल्याने नवख्यांना मानवते. तरीही एवढा खर्च करून गेल्यावर पहिले तीन-चार दिवस शिकण्यात घालवण्यापेक्षा घराजवळ प्रमाणपत्र मिळवून जाणे शहाणपणाचे. शिक्षण आणि सहल यांत वर्षभराचे अंतर पडले असेल, तर उजळणीचा डायव्ह आधी करावा.

नियोजनात हमखास निसटते ती परतीची वाट. दाबाखाली श्वसन केल्याने शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळूच बाहेर पडतो. त्याआधी हवेचा दाब कमी झाला, तर रक्तात व ऊतींत बुडबुडे तयार होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत त्रास संभवतो. म्हणून एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. सकाळी मालवणला डायव्ह आणि सायंकाळी मोपाहून विमान, हा बेत त्यात बसत नाही. घाटालाही हेच लागू पडते. आंबोली व चोर्ला हे दोन्ही घाट समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच जातात. डायव्हनंतर लगेच बेळगाव गाठण्याऐवजी किनारपट्टीवर रात्र काढावी. डिचोलीला परतणाऱ्यांना ही अडचण नाही.

पैसे भरण्यापूर्वी केंद्राला चार प्रश्न विचारावेत. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र चालू मुदतीचे आहे का? एका प्रशिक्षकामागे किती जण उतरतील? होडीवर आपत्कालीन प्राणवायू आहे का? अपघात झाल्यास उपचारांचा दाब-कक्ष कोठे आहे? सर्वसाधारण प्रवास विम्यात डायव्हिंग वगळलेले असू शकते. तेही तपासावे.

पाण्याखाली गेल्यावर प्रवाळाला हात लावू नये वा त्यावर उभे राहू नये. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. आठवण म्हणून त्याचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे.

शेवटी, ठरलेल्या दिवशी समुद्र खवळलेला असेल किंवा मन धजत नसेल, तर न उतरण्याचा निर्णय कोणालाही, कोणत्याही क्षणी घेता येतो. त्यासाठी सहलीत एक दिवस मोकळा ठेवावा. पैसे वाया जातील म्हणून कोणी पाण्यात उतरू नये.