दूरदेशीच्या ठेवी आणि भांडवलाचा ओघ

1991 सालच्या जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी तारणासाठी रवाना केले, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. घरचे सोने गहाण पडले म्हणून त्या वेळी मोठी हळहळ झाली. परंतु या प्रसंगाची चाहूल त्याआधी नऊ महिने बँकांच्या हिशेबवह्यांतील एका रकान्यात लागली होती. तो रकाना म्हणजे अनिवासी भारतीयांच्या ठेवी.

ही ठेव म्हणजे काय, ते प्रथम पाहू. समजा, रत्नागिरीचा एक तंत्रज्ञ दुबईस नोकरी करतो आणि शिलकीचे डॉलर इकडच्या बँकेत मुदतीने ठेवतो. त्याच्या दृष्टीने ती बचत. पण ठेवीदार परदेशचा रहिवासी, म्हणून राष्ट्राच्या जमाखर्चात ते बाहेरून आलेले भांडवल आणि परत करावयाचे देणे ठरते. भांडवल कारखान्याच्या रूपानेही येते. पण उभा कारखाना उपटून नेता येत नाही. ठेवीची पावती मात्र मुदत संपताच मोडता येते, थोडे व्याज सोडले तर त्याआधीही. म्हणून वारा फिरला की हे पान आधी हलते.

ठेवीदार मनाशी तीन प्रश्न विचारतो. व्याज किती? रुपयाचा भाव टिकेल काय? आणि मागितल्या वेळी पैसा हाती पडेल ना? 1975 साली निघालेल्या परकी चलनातील ठेवींच्या योजनेने दुसरा प्रश्न मिटविला होता. डॉलर ठेवा, डॉलरच घ्या. रुपया घसरला तर तोशीस रिझर्व्ह बँकेला. व्याजही बाहेरच्यापेक्षा बरे होते. उरला तो तिसरा प्रश्न, आणि त्यानेच घात केला.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेल महागले, आखातातील लाखाहून अधिक भारतीयांना घरी परतावे लागले आणि दिल्लीत सरकारे डळमळू लागली. ऑक्टोबरपासून येणाऱ्या ठेवींपेक्षा जाणाऱ्या ठेवी अधिक झाल्या. 1991 च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांतच सुमारे 95 कोटी डॉलर निघून गेले. गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. ठेवी काढणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण लेकराबाळांसाठी साठविलेला पैसा बुडेल या भीतीने कोणीही संसारी माणूस हेच करील. त्यांची भीती ही आपल्या पतीची मोजणी होती.

आता दुसरा प्रसंग पाहा. 2013 च्या उन्हाळ्यात अमेरिकेची मध्यवर्ती बँक पैशाचा पुरवठा आवरता घेणार, अशी चिन्हे दिसली आणि ऑगस्टअखेर डॉलरचा भाव 68 रुपयांवर गेला. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने अशा ठेवी आणणाऱ्या बँकांना विनिमयाची तोशीस सवलतीत झेलण्याची सोय दिली. नोव्हेंबरअखेर सुमारे 26 अब्ज डॉलर आले. हा सारा विश्वासच होता काय? नव्हे. अनेकांनी परदेशी बँकांकडून स्वस्त कर्ज काढून तीच रक्कम येथे ठेवली होती. पहिल्या प्रसंगी रकाना भयाने आटला. दुसऱ्या प्रसंगी सवलतीने फुगला. आकडा दिशा दाखवितो, हेतू सांगत नाही.

हीच सावधगिरी परदेशांतील भारतीय पैशांविषयी बाळगावी लागते. 2024 अखेर स्विस बँकांत भारतीयांचे सुमारे साडेतीन अब्ज फ्रँक नोंदले गेले. आधल्या वर्षी ते एक अब्जाच्या घरात होते. पैसा तिपटीने वाढला, म्हणजे काळा पैसाही तिपटीने वाढला, असे चटकन वाटते. परंतु त्यांतील खातेदारांच्या ठेवी सुमारे 35 कोटी फ्रँक, म्हणजे दशांशच. बहुतेक भाग बँकाबँकांमधील देण्याघेण्याचा. उलट बाजूही आहे. एखाद्याने दूरच्या बेटावर कंपनी काढून तिच्या नावे पैसा ठेवला, तर तो त्या बेटाच्या नावावर चढतो. बाझेल येथे 1930 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय बँक देशोदेशींच्या बँकांकडून असले आकडे गोळा करते. पण तिलाही ठेवीदाराचा नोंदलेला पत्ताच दिसतो, त्यामागचा धनी नव्हे.

तेव्हा असा आकडा वर्तमानपत्रात दिसला, की हर्ष वा संताप करण्यापूर्वी एवढे विचारावे: ही ठेव खातेदाराची की बँकेची? पत्ता कोणाचा? आणि पैसा विश्वासाने आला, की केवळ व्याजाने? व्याजाने आलेला पाहुणा जास्त व्याज दिसेल तिकडे जातो. विश्वासाने आलेला अडचणीतही थांबतो; तो विश्वास मात्र सोने गहाण पडण्याच्या आधीच कमवावा लागतो.