एका गुच्छांतील पिढ्या

वैशाखांत, चंद्र नसलेल्या रात्रीं नऊ-दहाच्या सुमारास, पवनीस वैनगंगेच्या कांठीं उभें राहून दक्षिणेकडे पाहावें. चित्रेपासून सरळ खालीं, क्षितिजापासून सुमारें 21 अंशांवर, एक अंधुक ठिपका दिसतो. हा नरतुरंगांतील ‘ओमेगा’. टॉलेमीनें त्यास तारा म्हणून नोंदिलें. 1677 सालीं सेंट हेलेना बेटावरून पाहणाऱ्या हॅलेनें तो तारा नव्हे, हें ओळखिलें. वस्तुतः तो सुमारें 1 कोटी ताऱ्यांचा गोल गुच्छ असून आपणांपासून सुमारें 17,000 प्रकाशवर्षें दूर आहे.

तारकागुच्छाविषयीं आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें एकच गोष्ट सांगत आलों: एका वायुमेघांतून एकाच वेळीं जन्मलेलीं हीं भावंडें, वय एक, घडण एक. सुमारें 10 कोटी वर्षें वयाच्या कृत्तिकांच्या बाबतींत हें पुष्कळ अंशीं खरें आहे. जुन्या गोल गुच्छांविषयीं मात्र आमचें विधान मागें घेणें प्राप्त आहे.

ताऱ्यांचा रंग व तेज यांचा आलेख काढिला असतां एकवयाच्या भावंडांची एकच रेषा उमटावी. 2004 सालीं हबल दुर्बिणीच्या मोजणींत ओमेगाच्या दोन रेषा स्पष्ट दिसल्या. पुढें बहुतेक जुन्या गुच्छांत असाच भेद आढळला: कांहीं ताऱ्यांत सोडियम अधिक, प्राणवायु कमी.

आम्हां पवनीकरांस हें नवल वाटूं नये. जगन्नाथ टेकडी वरून एकसंध दिसे. 1969-70 च्या उत्खननांत तिच्या पोटीं प्राचीन स्तूप निघाला, आणि त्यास पुढील काळांत भर पडत गेल्याचें दिसून आलें.

गुच्छांत भर कशी पडते? एक उपपत्ति अशी कीं, पहिल्या पिढींतील मोठे तारे उदरांत नवीं द्रव्यें शिजवितात आणि उतारवयांत तीं मंद वायुरूपानें बाहेर टाकितात. गुच्छाच्या आकर्षणामुळें हा वायु निसटत नाहीं. तो मध्याकडे जमतो, निवतो, आणि त्यांतून धाकटी पाती जन्मते. वडिलांच्या ठेवीवर घर चालावें, तसें हें आहे.

परंतु हिशेब जुळत नाहीं. धाकटी पाती पुष्कळदां थोरलीहून संख्येनें अधिक भरते. मूठभर वडिलांची ठेव इतक्यांस पुरावी कशी? थोरल्यांपैकीं पुष्कळ गुच्छ सोडून गेले असावेत, असें कोणी म्हणतात. 2016 सालीं चीनमधील संशोधकांनीं मॅजेलनी मेघांतील तीन गुच्छांत तरुण तारे दाखवून, वायु बाहेरून आला असावा, असें सुचविलें. पण ते तारे घरचे नसून वाटेंत दिसणारे परके असावेत, असा आक्षेप निघाला. ओमेगा तर आकाशगंगेनें गिळलेल्या एका लहान दीर्घिकेचा गाभा असावा, असा पुष्कळांचा तर्क आहे. 2015 सालीं भारतानें सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरील अतिनील दुर्बिणीनेंही त्याचें निरीक्षण झालें आहे, त्या दुर्बिणीच्या कार्यांत पुण्याच्या ‘आयुका’चा सहभाग आहे. वाद अद्याप मिटलेला नाहीं.

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचीत असतील, तर त्यांनीं आमचें तें एक वाक्य आपल्या मुलांस शिकवूं नये. त्याऐवजीं येत्या वैशाखांत त्यांस नदीवर न्यावें, आणि तो ठिपका दाखवावा.